सापाचा घास

तिकडे अमेरिकेत माझ्या पुतणीच्या मुलाने बॉल पायथन पाळलाय. (आपल्याकडे नाग, धामण घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवते!) त्याला जिवंत उंदराऐवजी फ्रीझरमधला द्यावा का, यावर आमच्या नातेवाइकांत दोन तट पडलेत. जिवंत भक्ष्य म्हणजेच निसर्ग, असं एका बाजूचं म्हणणं.

मला ते पटत नाही. रानात उंदराला बीळ असतं, सापाला माघार घ्यायला जागा असते. काचेच्या पेटीत दोघांनाही वाट नाही. कोंडलेला उंदीर सापाला चावतो, जखमा चिघळतात. मग निसर्ग उरला कुठे? उंदीर मरतोच, हे खरं. पण कोपऱ्यात थरथरत मरणं टाळता येत असेल, तर का टाळू नये?

बदल मात्र सबुरीने हवा. उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वितळवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ऊन करायचा, मायक्रोवेव्ह नको. या सापाच्या ओठांवरच्या खाचांना ऊब कळते, गार घासाकडे तो सहसा वळत नाही. संध्याकाळनंतर लांब चिमट्याने धरून हलवायचा. नाही खाल्ला, तर टाकून द्यायचा आणि आठवड्याने पुन्हा प्रयत्न. धडधाकट मोठा साप काही आठवडे सहज उपाशी राहतो. धीर सुटतो तो आपला.

नागपंचमीला आपण दूध न पिणाऱ्या सापापुढे दूध ठेवत आलो. पाळलेल्या जिवाला आपली समजूत नव्हे, त्याची गरज वाढावी. असो. तुम्हाला काय वाटतं?