विश्लेषण : जुनी पाँटून बोट घेताना काय पाहावे?

अमेरिकेत मिनेसोटातल्या तलावांवर मराठी कुटुंबेही आता पाँटून बोटीने सहलीला निघतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांवर बसवलेला सपाट डेक, अशी तिची साधी रचना. समजा, एकाच किमतीत दोन जुन्या बोटी आहेत. एकीची आसने चकचकीत, पण इंजिनाच्या देखभालीची नोंद नाही. दुसरीची आसने विटलेली, पण नळ्या धड आणि नोंदी पूर्ण. कोणती घ्यावी?

दुसरीच. आसने नंतर बदलता येतात. आभाळ भरून आल्यावर तळ्याच्या मध्यावर बंद पडलेले इंजिन मुलाबाळांसह अडकवते. नळ्यांच्या जोडांवरील भेगा आणि डेकचे कुजलेले प्लायवूड तपासा. बोट पाण्यात चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. ती हळूहळू एका बाजूला कलली, तर नळीत पाणी शिरत असण्याची शक्यता आहे.

क्षमतेच्या पाटीवरील माणसांचा व वजनाचा आकडाही वाचा. भारतातून आजी-आजोबा आले की माणसे वाढतात, पाटीवरचा आकडा वाढत नाही. मिनेसोटात चालत्या बोटीवर १० वर्षांखालील मुलांनी लाइफ जॅकेट घालणे बंधनकारक आहे. घासाघीस करून वाचलेले पैसे आधी सर्वांच्या जॅकेटवर खर्च करा.