मोशीतल्या फ्लॅटचा खरा भाव

पुण्याजवळच्या चाकण एमआयडीसीत नोकरी करणारा माणूस मोशी, चिखली किंवा चऱ्होलीत फ्लॅट शोधायला लागतो, तेव्हा एजंटाच्या दुकानाआधी तो मोबाइल उघडतो. नाइन्टीनाइन एकर्स, मॅजिकब्रिक्स, हाउसिंग डॉट कॉम. बजेट टाकले, टू बीएचके निवडले की जाहिरातींची रांग लागते. त्याने किती बजेट टाकले, कोणत्या जाहिरातीवर तो रेंगाळला, मोशी सोडून रावेतकडे वळला का, याचीही नोंद ठेवता येते. ‘संपर्क करा’ दाबले की त्याचा नंबर ‘लीड’ म्हणून बिल्डरच्या सेल्स ऑफिसात पोहोचतो आणि तासाभरात फोन सुरू होतात.

अशा हजारो नोंदी एकत्र केल्या की कोणत्या भागात कोणत्या बजेटला मागणी वाढते आहे, हे दिसू लागते. पुढच्या टप्प्यात वन बीएचके जास्त बांधायचे की टू बीएचके आणि भाव किती ठेवायचा, हे ठरवताना बिल्डरला त्याचा उपयोग होतो. यात गैर काही नाही. पण या संकेतस्थळांचे उत्पन्न प्रामुख्याने जाहिरात देणाऱ्यांकडून येते, हे घर घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. एकच फ्लॅट चार एजंट चार किमतींना टाकतात. जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव. सौदा कितीला झाला हे तिथे कळत नाही. निव्वळ अंदाजावर विसंबण्यातला धोका अमेरिकेतल्या झिलो कंपनीने मोठी किंमत मोजून अनुभवला. भावाचे अंदाज बांधून स्वतःच घरे विकत घेण्याचा व्यवसाय तिला नोव्हेंबर २०२१मध्ये गुंडाळावा लागला.

महाराष्ट्रात झालेल्या सौद्याची नोंद सरकारकडे असते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या सूची क्रमांक दोनमध्ये मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, दस्ताची तारीख, लिहून देणार आणि लिहून घेणार, हे सारे एका पानावर येते. रोखीने दिलेली रक्कम त्यात दिसत नाही, ही उणीव आहेच; तरी जाहिरातीपेक्षा हे पान कितीतरी भरवशाचे. अडचण आहे ती शोधण्याची. विभागाच्या ई-सर्चवर वर्ष, जिल्हा, तालुका, गाव निवडून वर जमिनीचा गट क्रमांकही द्यावा लागतो. मोशीत गेल्या वर्षी सरासरी काय दर पडला, याचे उत्तर तिथे मिळत नाही. सीआरई मॅट्रिक्स, प्रॉपस्टॅक यांसारख्या कंपन्या हेच दस्त गोळा करून त्यांचे विश्लेषण विकतात. सार्वजनिक नोंदीतून निघालेले हे शहाणपण बँकेला आणि बिल्डरला परवडते, हप्त्यावर घर घेणाऱ्याला नाही.

महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, मे २०१७पासून वेगळा पायंडा पाडला. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, मंजुऱ्या, काम कुठवर आले, हे कोणालाही फुकट पाहता येते. ऑगस्ट २०२३पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा झाला. पण सगळीच बांधकामे त्या चौकटीत येत नाहीत. मे २०२५मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पिंपरी-चिंचवड महापालिकेने पाडले. कुटुंबांनी आयुष्यभराची कमाई त्यांत घातली होती. पूररेषा गट क्रमांकानुसार सहज तपासता आली, तर असे कितीतरी व्यवहार टोकन देण्याआधीच थांबतील.

म्हणून नोंदणी विभागाने नावे वगळून गावनिहाय आणि प्रकल्पनिहाय नोंदवलेले दर प्रत्येक तिमाहीला खुले करावेत. महापालिकेने आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) पूररेषा व आरक्षणे गट क्रमांकाला जोडून द्यावीत. तोवर वाचकांना एवढीच विनंती: टोकन देण्याआधी महारेराच्या पानावरून गट क्रमांक घ्या आणि त्याच प्रकल्पातल्या दोन-तीन फ्लॅटची सूची क्रमांक दोन स्वतः काढून पाहा.