चकलीचा पत्ता

मागच्या दिवाळी अंकात मी घरून फराळाच्या ऑर्डरी घ्यायला लागल्याचं लिहिलं होतं. तेव्हापासून मंडळातल्या तीन-चार मैत्रिणी मागे लागल्या आहेत, "अगं, ऑनलाइन कसं जमवायचं ते आम्हालाही शिकव ना." शिकवायचं म्हटलं की माझ्यातली जुनी मास्तरीण जागी होते. पण आधी माझीच चूक सांगते.

सुरुवातीला माझं 'दुकान' म्हणजे फक्त व्हॉट्सॲप. फराळाचा छानसा फोटो, खाली भाव आणि फोन नंबर. तो फोटो फिरत फिरत लेकीच्या शाळेतल्या एका इंग्लिश आईपर्यंत पोचला. तिने फोनवर विचारलं, चिवड्यात नट्स आहेत का? मी पटकन 'नाही' म्हणाले. काजू घातलेच नव्हते!

रात्री पाकिटं भरताना चिवड्यातले शेंगदाणे दिसले आणि हातपाय गार पडले. आपल्या डोक्यात नट्स म्हणजे काजू-बदाम. शेंगदाणा तो शेंगदाणा. मराठीत एम.ए. केलेल्या बाईने शब्दाच्या अर्थातच मार खाल्ला! लगेच फोन केला. तिच्या धाकट्याला शेंगदाण्याचीच ॲलर्जी होती. पाकीट अजून माझ्या घरात होतं म्हणून निभावलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "हे कुठे लिहिलेलं का नाही?"

त्या प्रश्नातून मी जे शिकले, ते असं.

पहिलं काम कागदाचं. इथे ब्रिटनमध्ये घरून खाद्यपदार्थ विकायचे तर सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. ती फुकट आहे. नंतर तपासनीस स्वयंपाकघर बघून जातात आणि स्वच्छतेचे गुण देतात. चांगले गुण मिळाले तर तेच जाहिरातीत सर्वांत वर लावा.

दुसरं, सगळी माहिती एकाच जागी ठेवा. व्हॉट्सॲपवर जुना फोटो जुन्या भावासकट वर्षभर फिरत राहतो. मी एक साधं पान केलं आणि आता सगळीकडे फक्त त्याचीच लिंक देते. पदार्थ, वजन, भाव, ऑर्डरीची शेवटची तारीख, सगळं तिथे. गूगलवरही व्यवसायाची नोंद फुकट करता येते, आणि घरचा पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात माल पोचवता ते दाखवता येतं.

तिसरं, प्रत्येक पदार्थाखाली घटक लिहा. इथल्या नियमात ॲलर्जीचे १४ घटक आहेत. शेंगदाणे आणि नट्स त्यात वेगवेगळे मोजतात. चकलीतले तीळ आणि फोडणीतली मोहरीही त्या यादीत आहे. हिंगाची डबी उलटून बघा, बहुतेकदा त्यात गव्हाचं पीठ निघतं! फोनवर किंवा ऑनलाइन विकताना ही माहिती गिऱ्हाइकाला विकत घेण्याआधी आणि माल हातात देताना, अशी दोन्ही वेळा मिळायला हवी.

चौथं, शुद्धलेखन थोडं बाजूला ठेवा. चकलीचं इंग्रजी स्पेलिंग लोक चार तऱ्हांनी करतात. ती सगळी पानावर असू द्या, आणि शेजारच्या बाईला कळेल असं एका ओळीचं वर्णनही: 'तांदूळ आणि डाळींच्या पिठाची खुसखुशीत, तिखट चकली'.

पाचवं, भाव लिहायला लाजू नका. "तुम्हीच काय ते द्या" असं म्हणत मी पहिल्या वर्षी तेलाचे पैसेही सोडवू शकले नव्हते.

माझ्या स्वयंपाकघरात शेंगदाणे असतात, हेही त्या पानावर मी ठळक लिहिलं आहे. ते वाचून त्या आईने यंदा काहीच मागवलं नाही. पण तिच्या ऑफिसातल्या दोघींना माझ्या पानाचा पत्ता दिला. "तिने लिहिलंय ते खरं असतं," असं सांगून.

एवढी जाहिरात मला पुष्कळ झाली. दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!