उतारा आणि उचलेगिरी

वर्तमानपत्रातील एखादा लेख मथळ्यापासून अखेरच्या ओळीपर्यंत जसाच्या तसा उचलावयाचा, त्याखाली ‘साभार’ एवढे घालावयाचे, आणि तेवढ्याने लेखकाचे ऋण फिटले, कायद्याचे समाधान झाले व शिवाय आपल्या हातून लोकशिक्षणही घडले अशा समजुतीने तो सकाळी आठाच्या आत शेदोनशे परिचितांच्या मोबाइलवर रवाना करावयाचा, ही पद्धत आता इतकी रुळली आहे की तिला हरकत घेणाराच कोत्या मनाचा ठरतो. दुसऱ्या बाजूस, आपल्या अंकातील चार वाक्ये कोणी टीकेसाठी उद्धृत केली तरी नोटीस धाडणारे वृत्तपत्रमालकही जगात आहेत. मला हे दोन्ही पक्ष एकाच चुकीचे भागीदार वाटतात. उतारा घेणाऱ्याने त्यावर स्वतःचे काय काम केले, हा खरा प्रश्न. आणि तो दोघांपैकी कोणीच विचारीत नाही.

अमेरिकेतील न्यायालयांना तो विचारावा लागला. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ व ‘वॉशिंग्टन पोस्ट’ यांनी १९९८ मध्ये ‘फ्री रिपब्लिक’ या संकेतस्थळाविरुद्ध फिर्याद गुदरली. तेथील सभासद या पत्रांतील लेख समग्र उतरवून घेत आणि त्याखाली आपापली टीकाटिप्पणी लिहीत. प्रतिवादींची कैफियत अशी की, वृत्तपत्रांचा पक्षपात उघडा पाडावयाचा तर त्यांचा मजकूर अक्षरशः समोर असला पाहिजे, आणि भाषणस्वातंत्र्य म्हणतात ते हेच. कैफियत वजनदार आहे, नाही असे नाही. परंतु न्यायाधीश मार्गारेट मॉरो यांनी २००० साली ती नामंजूर केली. लेख प्रथम उतरविणारा अनेकदा स्वतःचे असे फारसे काही लिहीतच नसे, टीकेसाठी समग्र मजकुराची आवश्यकता सिद्ध झालेली नव्हती, आणि सगळा लेख फुकट वाचावयास मिळाल्यावर मूळ पत्राकडे वळण्याचे, त्याच्या दप्तरातील जुना लेख दाम मोजून घेण्याचे, वाचकास प्रयोजन उरत नव्हते.

दहा वर्षांनी पारडे उलट बाजूस झुकले. लास व्हेगास येथे २०१० साली ‘राइटहेवन’ नावाची कंपनी निघाली. ‘लास व्हेगास रिव्ह्यू-जर्नल’मधील मजकूर इंटरनेटवर कोठे उतरवलेला आहे याचा माग काढावयाचा, सापडताच त्या लेखाचा हक्क मूळ मालकाकडून आपल्या नावे लिहून घ्यावयाचा, आणि मजकूर काढून टाका अशी साधी सूचनाही न देता थेट दावा ठोकावयाचा, हा तिचा धंदा. असे दोनशेहून अधिक दावे लागले, कित्येकांत पंचाहत्तर हजार डॉलरांची मागणी होती, आणि प्रतिवादींत बहुतेक लहानसहान माणसे व संस्था असल्यामुळे वकिलाच्या खर्चापेक्षा तडजोड स्वस्त पडत असे. ‘डेमोक्रॅटिक अंडरग्राउंड’ या संकेतस्थळाचा अपराध एवढाच की, त्याच्या एका सभासदाने लेखातील पाच वाक्ये, मूळ लेखाचा दुवा देऊन, उद्धृत केली होती. त्या संस्थेने मात्र दावा शेवटपर्यंत लढविला. दस्तऐवज उलगडले तेव्हा निघाले काय, तर कंपनीकडे लेखाची मालकी नव्हतीच; होता तो केवळ दावे लावण्याचा अधिकार. न्यायाधीश रॉजर हंट यांनी २०११ मध्ये तिला दावा आणण्याचा हक्कच नाही असे ठरविले, आणि पुढच्या वर्षी त्या पाच वाक्यांचा वापर उचित असल्याचाही निर्वाळा दिला. मालकीवाचून वसुलीचा मक्ता घेणारे आपल्याकडे पूर्वी पुष्कळ होते. नव्या जगातही त्यांना वाण नाही.

आपला १९५७ चा स्वामित्वहक्काचा कायदा या बाबतीत वाटतो तितका कठोर नाही. घडलेली घटना कोणाच्याच मालकीची नसते, मालकी असते ती तिच्या शब्दरूपाची. आणि त्या शब्दरूपाचाही खासगी अभ्यास, टीका, परीक्षण किंवा चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी उचित वापर करण्यास कलम ५२ मोकळीक देते. ही मोकळीक म्हणजे दुसऱ्याच्या शेतातून जाण्याची वहिवाट आहे. तिच्या आधारे उभे पीक कापून नेता येत नाही. किती शब्द म्हणजे उचित, हे कायद्याने सांगितलेले नाही आणि न सांगण्यातच शहाणपण आहे. तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या मल्याळम नाटकातील पात्रे, प्रसंग व संवाद घेऊन सिविक चंद्रन यांनी त्याच नाटकावर टीका करणारे प्रतिनाटक लिहिले, तेव्हा केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घेतलेल्या मजकुराचे प्रमाण टीकेशी ताडून पाहिले, घेण्याचा हेतू पाहिला, दोन कृतींत स्पर्धा संभवते काय हेही पाहिले, आणि प्रयोगावरील मनाई उठविली. घेतलेले थोडे नव्हते. पण चंद्रन यांचे स्वतःचे काम त्याहून मोठे होते.

लेख पुढे धाडताना लेखकाचे नाव गाळणे हा मात्र निव्वळ उचलेगिरीचा प्रकार आहे, आणि त्याला कोणतीच मोकळीक लागू पडत नाही. कलम ५७ अन्वये आपल्या लेखनाचे कर्तेपण सांगण्याचा लेखकाचा हक्क, त्याने स्वामित्व विकून टाकले तरी, त्याच्याकडेच राहतो.

याच कायद्यात फारशी न वाचली जाणारी एक तरतूद आहे. चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयावरील लेख, लेखकाने पुनर्मुद्रणाचा हक्क स्पष्टपणे राखून ठेवलेला नसेल तर, दुसऱ्या वृत्तपत्राला अथवा नियतकालिकाला छापता येतो. ही सवलत नियतकालिकांपुरती आहे, मोबाइल बाळगणाऱ्या प्रत्येक नागरिकाला ती नाही, आणि ती तशीच राहावी असे माझे मत आहे. कारण नागरिकाला समग्र लेखाची नव्हे, भांडण्यापुरत्या उताऱ्याची गरज असते. मात्र वृत्तपत्रांनीही आपली बाजू स्वच्छ करावी. प्रत्येक लेखाखाली सरळ मराठीत छापावे की, टीकेसाठी उतारे खुशाल घ्यावेत, नाव व तारीख द्यावी, आणि सबंध लेख हवा असल्यास अमक्या पत्त्यावर परवानगी मागावी. आणि त्या पत्त्यावर आलेल्या अर्जाला आठ दिवसांत होय किंवा नाही असे उत्तर देणारा एखादा कारकून नेमावा.