पालक हे शाळेचे पाहुणे नव्हेत

दहावीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. युवक मंडळे, महिला मंडळे, पतसंस्था, तालीम मंडळे, माजी विद्यार्थी संघटना आपापल्या परीने मुलांच्या पाठीवर कौतुकाची थाप देतात. शाल, श्रीफळ, वह्या, एखादे पुस्तक, क्वचित रोख बक्षीस असा थाट असतो. ही प्रथा चांगली आहे आणि ती टिकली पाहिजे. मराठी माध्यमाच्या हायस्कुलात शिकून उत्तम गुण मिळवणारी मुले साऱ्या सीमाभागाच्या अभिनंदनास पात्र आहेत, यात शंका नाही.

परंतु या समारंभांत आईवडिलांची जागा कोठे असते? बहुधा मागच्या रांगेत. मुलाचे नाव पुकारले की त्यांनी टाळ्या वाजवायच्या, फोटो काढून घ्यायचा आणि घरची वाट धरायची. कित्येकांचा शाळेशी वर्षभरात आलेला संबंध एवढाच असतो. प्रवेशाच्या दिवशी एकदा सही आणि निकालानंतर एकदा टाळ्या! सीमाभागातील मराठी हायस्कुलांपुढचा खरा प्रश्न येथे आहे, असे आम्हाला वाटते. ज्या शाळेला पालक परके, ती शाळा फार काळ उभी राहू शकत नाही. मग तिच्या पाठीशी कितीही ठराव आणि मोर्चे असोत.

आम्ही हे का म्हणतो, ते नीट समजून घेतले पाहिजे. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ साली, घटनेत ३५० अ हे कलम घालण्यात आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी द्याव्यात असे ते कलम सांगते. पण ते प्राथमिक शिक्षणापुरतेच. आठवी ते दहावीच्या हायस्कुलाचा त्यात उल्लेख नाही. घटनेचे ३० वे कलम भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देते. हक्क मिळाला, पण संस्था चालवायची ती समाजानेच! त्यानंतर ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्या माध्यमविषयक धोरणाच्या खटल्यात निर्णय दिला की, प्राथमिक शाळेतही मातृभाषेचे माध्यम सरकारला सक्तीचे करता येणार नाही. मुलाने कोणत्या माध्यमातून शिकावे हे पालकांनी ठरवायचे. या साऱ्याचा अर्थ सरळ आहे. मराठी हायस्कूल जगवायचे की मरू द्यायचे, याचा निर्णय शेवटी घराच्या उंबरठ्याच्या आत होतो. पटसंख्या घटली की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षकाचे पद जाते, आणि पद गेले की उरलेल्या मुलांचेही नुकसान होते.

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज नोकरीधंद्याला लागली, कित्येक संसारी झाली. न्यायालयाच्या निकालाची वाट पाहणे आपल्या हाती आहे. पण मुलांचे वय कोणासाठी थांबत नाही. १ नोव्हेंबरच्या फेरीत मराठीच्या नावाने घसा कोरडा करणारे आपल्यातीलच काही जण मुलांच्या प्रवेशाच्या वेळी मात्र मराठी शाळेवरून पुढे निघून जातात. त्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांची भीती समजून घेणे अधिक गरजेचे आहे.

ही भीती अगदीच खोटी नाही. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा पी.यु.सी.च्या विज्ञान किंवा वाणिज्य शाखेत गेला की त्याच्यापुढे सारी पुस्तके इंग्रजीतली येतात. पहिले दोनतीन महिने शिक्षक काय बोलतात हेच त्याला उमगत नाही. वर्गात गणित सोडवणारा हुशार मुलगा केवळ शब्द अडतात म्हणून मागे पडतो. ही अडचण नाकारून मातृभाषेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण तिच्यावरचा उपाय मराठी शाळा सोडणे हा नव्हे. विषय मातृभाषेत पक्का झालेल्या मुलाला इंग्रजी संज्ञा शिकवणे सोपे असते. संज्ञा पाठ असून विषयच न कळलेल्या मुलाला सावरणे फार कठीण असते. दहावीची परीक्षा आणि पी.यु.सी.चे वर्ग यांच्यामध्ये काही आठवडे मोकळे मिळतात. त्या दिवसांत प्रत्येक मराठी हायस्कुलाने विज्ञान, गणित आणि हिशेब या विषयांतील इंग्रजी संज्ञांचे वर्ग घ्यावेत. शिकवायला त्याच शाळेतून पुढे गेलेले डिप्लोमाचे, अभियांत्रिकीचे, बी.कॉम.चे विद्यार्थी असावेत. गुणगौरवाच्या मंडपावर जेवढा खर्च होतो, तेवढ्यात हे वर्ग होतील!

येथेच पालकांचे काम सुरू होते. आमचे बहुतेक पालक शेतकरी आहेत, गवंडी आहेत, कारखान्यात पाळीवर जाणारे आहेत, घरोघर धुणीभांडी करणाऱ्या माता आहेत. पालकसभा सकाळी अकराला ठेवली तर त्यांनी रोजगार बुडवून यायचे काय? सभा संध्याकाळी किंवा रविवारी घ्यावी आणि एकदोन सभा गावच्या देवळात वा समाजभवनात घ्याव्यात. शिक्षक गावात आले की पालकांची भीड चेपते. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात असा दंडक घातला. पण त्या कायद्याचा आवाका आठवीपर्यंतच आहे. नववी-दहावीसाठी असा दंडक नाही, म्हणून हायस्कुलांनी तो आपणहून पाळावा. आणि समितीत नाव आहे म्हणून हजेरीपुरते येणारे पालक नकोत. ग्रंथालयात यंदा कोणती पुस्तके आली, प्रयोगशाळेत प्रयोग होतात की नुसते फळ्यावर काढले जातात, गणिताच्या शिक्षकाची जागा किती महिने रिकामी आहे, हे विचारणारे पालक हवेत.

घरी काय करावे, असे अनेक माता विचारतात. आपण शिकलेलो नाही, मुलाचा अभ्यास कसा घेणार, ही त्यांची खंत असते. आम्ही त्यांना सांगू इच्छितो की, अभ्यास घेण्यासाठी पदवी लागत नाही. संध्याकाळी सात ते नऊ घरातला टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवणे, मुलाला धडा मोठ्याने वाचायला लावणे आणि आज काय शिकलास हे त्याच्या तोंडून ऐकणे, एवढे केले तरी अर्धे काम होते. मराठी शाळेचा हा एक मोठा फायदा आहे. मुलाचा धडा आजीलाही समजतो. जी भाषा घरात कोणालाच येत नाही, त्या भाषेतला अभ्यास शिकवणीच्या हवाली करावा लागतो आणि घर त्यातून बाहेर पडते.

मुलींच्या बाबतीत पालकांची एकजूट आणखी मोलाची आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, कणकुंबी-जांबोटी भागात, पावसाळ्यात शाळेला जाणे म्हणजे रोजची परीक्षाच असते. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेने राज्याच्या साध्या बसमधून मुलींचा प्रवास मोफत झाला. पण बस वेळेवर येत नसेल तर मोफत प्रवासाचा उपयोग काय? एका मुलीचा बाप आगारात गेला तर त्याला उद्या या म्हणतात. पाच गावांचे पालक मिळून गेले तर वेळापत्रक बदलते. मुली काय करू शकतात याचे उदाहरण दूर शोधायला नको. तुरमुरीसारख्या खेड्यातील मलप्रभा जाधव हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसदृश खेळात ५२ किलो गटाचे कांस्यपदक मिळवले. अशी मुलगी घडण्यासाठी तिच्या घराने आधी तिला दाराबाहेर पाठवावे लागते.

आता कन्नडचा विषय. २०१५ च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत कन्नड शिकवणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. सक्तीविषयी आमची मते वाचकांना ठाऊक आहेत आणि मराठीत परिपत्रके मिळावीत या मागणीवर आम्ही ठाम आहोत. पण कन्नड भाषेशी आमचे भांडण नाही, कधी नव्हते. ज्यांची मातृभाषा मराठी त्या द. रा. बेंद्रे यांनी कन्नडमध्ये कविता लिहून १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवला. त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी यांनी इंग्रजी शिकवत मराठी कथेला वेगळी उंची दिली. आपल्या मुलांना मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषा चांगल्या आल्या तर ती त्यांची शिदोरी ठरेल. शेजारच्या कन्नड शाळेतील मुले मैदानावर आपल्या मुलांबरोबर खेळतात. त्या मैत्रीत मोठ्यांनी विष कालवू नये, एवढेच आमचे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना सांगणे आहे.

संस्कारांविषयी बोलताना आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. २०२४ साली दहावीच्या परीक्षा केंद्रांवर कॅमेरे लावून थेट देखरेख झाली. राज्याचा निकाल २०२३ मधील ८३.८९ टक्क्यांवरून ७३.४० टक्क्यांवर उतरला, तोही सवलतीचे गुण वाढवून. ही घसरण सर्व माध्यमांची होती. त्यातून कोणी कोणाला हिणवू नये. पण इतकी वर्षे किती गुण मुलांचे होते आणि किती खिडकीबाहेरून आलेल्या चिठ्ठ्यांचे, हा प्रश्न प्रत्येक गावाने स्वतःला विचारावा. परीक्षेच्या दिवशी शाळेच्या कुंपणावर चढणारा काका मुलाला मदत करत नाही. तो त्याला फसवायला शिकवतो. प्रामाणिकपणे मिळालेले पन्नास टक्के आम्हाला चोरीच्या नव्वदांपेक्षा मोठे वाटतात, आणि गुणगौरवाच्या व्यासपीठावर अशा मुलांनाही जागा मिळावी. शेतात राबून, धाकट्या भावंडांना सांभाळून पास झालेल्या मुलीचा सत्कार पहिल्या क्रमांकाच्या बरोबरीने व्हायला हवा. नापास झालेल्यांच्याही घरी शिक्षकांनी जावे. त्याच २०२४ पासून राज्यात वर्षात तीन परीक्षा घेण्याची पद्धत आली. मुलाचे वर्ष वाचण्याची संधी त्यात आहे. पण ती पालकांपर्यंत पोचवायला कोणीतरी हवे.

इंदिरा संतांनी याच बेळगावात प्रशिक्षण महाविद्यालयात शिक्षक घडवले. शाळा म्हणजे केवळ इमारत नव्हे, हे जाणणाऱ्या शिक्षकांची परंपरा या भूमीत आहे. त्या परंपरेला आज जोड हवी ती जागत्या पालकांची. म्हणून सीमाभागातील मराठी संस्थांना आमची सूचना आहे की, यंदाच्या गुणगौरव समारंभात मुलांच्या हाती बक्षीस देताना त्यांच्या आईवडिलांना व्यासपीठावर बोलवावे आणि त्याच दिवशी पालकसंघाची पहिली बैठक घ्यावी. तीत वर्षभराच्या सभांच्या तारखा ठरवाव्यात आणि कामे वाटून घ्यावीत. आणि पालकांना आमचे सांगणे आहे की, मुलाचे नाव मराठी शाळेच्या पटावर घालून तुमचे काम संपत नाही. पुढच्या सभेला वेळेवर जा, पुढच्या रांगेत बसा आणि मनातला प्रश्न विचारा.