सातबारा आणि व्हिसा



गेल्या वर्षीच्या मार्च महिन्यापासून आमच्या चिपळूणच्या सल्ला केंद्रात एक वेगळंच प्रकरण चालू आहे. मारहाणीचं नाही, पोटगीचं नाही. नोंदवहीत ते कुठल्या रकान्यात लिहायचं हेच पहिल्या दिवशी कळेना. तेवीस वर्षांची एक मुलगी आईला घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, मला जर्मनीला एम.एस्सी. करायला जायचंय. व्हिसाच्या कागदांचं जरा बघाल का?"

खरं सांगते, माझ्या मनात आलं, हे काही आपलं काम नव्हे. ज्या बायकांचं नाव रेशनकार्डावर चढत नाही त्यांच्यासाठी आपण दिवस दिवस खेटे घालतो, आणि ही व्हिसाचं विचारते! जावं एखाद्या एजंटाकडे. पण तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून टेबलावर मांडले. त्यातल्या दोन गुणपत्रिका फुगलेल्या, कडांना मातीचा तपकिरी डाग. २२ जुलै २०२१ चा पूर. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आईनं आधी हीच पिशवी माळ्यावर टाकली होती, तरी व्हायचं ते झालंच. त्याच वर्षी कोविडमध्ये वडील गेलेले. आई अंगणवाडी सेविका, पाठीवर एक धाकटी बहीण. मुलीला तिकडच्या एका सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळालेला होता. पत्र हातात होतं.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवणीची फी घेत नाहीत, हे आपल्याकडे आता खेड्यातल्या मुलींनाही ठाऊक झालं आहे. (बाडेन-व्युर्टेंबर्ग हे एक राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सहामाहीला १,५०० युरो घेतं, तेवढं लक्षात ठेवावं.) फी नाही म्हटल्यावर आपल्याला वाटतं, गरिबाच्या मुलीला वाट मोकळी झाली. पण विद्यापीठ फी मागत नसलं तरी व्हिसा देणारं सरकार विचारतं, वर्षभर जगणार कशावर? त्याचा पुरावा म्हणून एक वर्षाचे पैसे आधीच एका खात्यात भरून दाखवावे लागतात. त्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. आपल्या रुपयांत बारा लाखांच्या घरात. त्याआधी आपल्या पदव्या खऱ्या आहेत असं प्रमाणपत्र दिल्लीच्या 'एपीएस' कार्यालयाकडून घ्यायचं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं आहे, त्याचे १८,००० रुपये. व्हिसाची फी ७५ युरो, विमा वेगळा, तिकीट वेगळं.

पण त्या बारा लाखांची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हे पैसे कोणाच्या घशात जात नाहीत. ते मुलीच्याच नावावर राहतात आणि तिकडे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो असे तिलाच परत मिळतात. खोलीचं भाडं, जेवण, प्रवास ती त्यातून करते. मुलीच्या काकांना मी हे तीन वेळा समजावलं. काका मुंबईला असतात, माणूस वाईट नाही, भावाच्या आजारपणात धावून आलेला. तो म्हणाला, "मॅडम, पोरीचं लग्न ठरवा, दहा लाख मी उभे करतो. शब्द देतो. पण हे परदेशाचं खूळ नको." म्हणजे दहा लाख होते! एका दिवसात मांडव, जेवणं आणि सोन्यात जाणारे दहा लाख निघत होते. तिच्या स्वतःच्या खात्यात पडणारे बारा निघत नव्हते.

मग बँक. शिक्षणकर्ज साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं, त्यावर मालमत्ता तारण द्यावी लागते. मुलींना व्याजात अर्धा टक्का सूटही अनेक सरकारी बँका देतात. आम्ही तिघी एका बँकेत गेलो. साहेबांनी आईला विचारलं, "पगाराची स्लिप?" आई म्हणाली, "आम्हाला पगार नाही, मानधन असतं." साहेबांनी पेन खाली ठेवलं. वर्षानुवर्षं गावातल्या पोरांना खिचडी शिजवून घालणाऱ्या, वजनं घेणाऱ्या, सर्व्हे करणाऱ्या बाईचं उत्पन्न बँकेच्या लेखी उत्पन्नच नाही, कारण सरकारनं त्याला वेगळं नाव दिलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांना आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला, तेव्हा आपण पेढे वाटले होते. तो निकाल त्या टेबलापर्यंत पोचलेला नव्हता.

राहिलं तारण. शेतजमीन बहुतेक बँका शिक्षणकर्जाला घेतच नाहीत. पण महामार्गालगत चार गुंठ्यांचा बिनशेती तुकडा आहे. त्यावर वडिलांचा हिस्सा लागतो. सातबारा काढला. कोकणातल्या मैत्रिणींना पुढचं सांगायला नकोच. सामायिक सातबारा, चौदा नावं, त्यातली पाच माणसं हयात नाहीत. सगळ्यात वर आजोबा. वडील जाऊन चार वर्षं होत आली तरी वारस म्हणून ना आईचं नाव लागलेलं, ना दोन्ही मुलींचं. "गणपतीला सगळे येतील तेव्हा बोलू," असं म्हणत चार गणपती गेले होते. पाहुण्यांनी भरलेल्या घरात, आरत्या चालू असताना विधवा जाऊबाईनं हिश्शाचा विषय काढायचा कधी आणि कसा?

आईच्या माहेरीही थोडी जमीन होती. तिनं २००९ साली भावांना हक्कसोड लिहून दिलं. मोबदला एक साडी. कायदा तेव्हा चार वर्षांचा जुना झाला होता. महाराष्ट्रानं तर केंद्राच्या कितीतरी आधी, जून १९९४ मध्येच मुलींना वडिलार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क दिला. फक्त तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. २००५ च्या दुरुस्तीनं तो भेद काढला. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क राहतो, हे ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. एवढं सगळं आपण शिबिरांतून सांगतो, आणि बाया मान डोलावतात, आणि शिबिर संपल्यावर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन सही करतात. कारण बहिणीनं हिस्सा मागितला की माहेर तुटलं.

इथं मला माझं सांगायला हवं. एमएसडब्ल्यू झाल्यावर, २०१३ साली, नेदरलँडमधल्या एका अभ्यासक्रमासाठी माझी निवड झाली होती. अर्धी शिष्यवृत्ती होती, उरलेल्यासाठी कर्ज हवं होतं. घर धाकट्या भावाच्या इंजिनीअरिंगसाठी आधीच तारण होतं. कोणी नाही म्हटलं नाही. फक्त 'आता जमत नाही' म्हटलं. मी व्हिसाचा अर्ज भरलाच नाही, त्यामुळे तो नाकारला गेला अशी नोंदही कुठे नाही. आणि २०१६ मध्ये, म्हणजे इथं कायद्याची शिबिरं घेऊ लागल्यावर, भावाला मी स्वतः हक्कसोड लिहून दिलं. आईचा चेहरा बघवला नाही म्हणून. हे मी आजवर कुठल्या बैठकीत बोलले नव्हते.

आमच्या एका ज्येष्ठ मैत्रिणीनं ऐकून म्हटलं, "अगं, इरावतीबाईंना तरी कुठं सोपं गेलं?" इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला डॉक्टरेट करायला गेल्या. त्यांना धाडायचा आग्रह पतीचा, दिनकररावांचा. ते स्वतः जर्मनीत शिकून आलेले. पण सासऱ्यांना हा बेत पसंत नव्हता. आणि सासरे कोण, तर आपल्या दापोलीकडच्या मुरुडचे महर्षी धोंडो केशव कर्वे, ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, महिला विद्यापीठ स्थापलं. अण्णांविषयी माझा आदर यानं कमी होत नाही. पण बाईनं शिकावं असं मनापासून वाटणाऱ्या घरातही किती दूर जाऊन, हा प्रश्न वेगळा असतो. शेवटी इरावतीबाई गेल्या त्या जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जावर. त्यांच्यामागे शिकलेला नवरा होता आणि शब्दावर कर्ज देणारा मित्रही. आमच्या मुलीमागे अंगणवाडीची आई आहे.

शिष्यवृत्त्या बघितल्या. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्याची योजना आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे, इतर मागास वर्गासाठीही आहे. जागा मोजक्या, आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचं लागतं. तिचं विद्यापीठ बसलं नाही. पण तुमच्या भागातल्या मुलींना हे आधी कळलं तर त्या विद्यापीठं त्या यादीतली बघून निवडतील, म्हणून लिहिते.

एजंटही भेटला. अडीच लाख द्या, बँकेत महिनाभर पैसे 'दाखवून' देतो, म्हणाला. मुलीनंच नको म्हटलं. बरं झालं. खोटा कागद सापडला तर पुढच्या अर्जांवरही डाग राहतो. शिवाय व्हिसा नाकारल्यावर पूर्वी वकिलातीकडेच फुकट फेरविचार मागता येत असे. ती सोय जर्मनीनं १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता नव्यानं अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जायचं.

अर्जात आणखी एक जागा होती, तिथं आम्ही अडलो. बी.एस्सी. नंतरची दोन वर्षं काय केलं? मुलगी म्हणाली, "घरी होते." खोदून विचारल्यावर कळलं, अर्धांगवायू झालेल्या आजीचं अंथरुणातलं सगळं हिनं केलं, बहिणीला दहावीला बसवलं, आणि रात्री मोबाईलवर जर्मन शिकली. मी म्हटलं, हे असंच लिही. तिला लाज वाटत होती. तीन दिवस घालवून आम्ही ते पत्र लिहिलं. नोकरीचं प्रमाणपत्र असतं तसं आजीच्या सेवेचं नसतं, म्हणून तिला ती दोन वर्षं रिकामी वाटत होती.

पासपोर्टचं मात्र सोपं झालं आहे. डिसेंबर २०१६ पासून आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं. विवाहित बाईला पासपोर्टसाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही, हे मद्रास उच्च न्यायालयानं जून २०२५ मध्ये ठणकावून सांगितलं आहे. कोणी अडवलं तर सांगा.

तुमच्या केंद्रांत अशी मुलगी आली तर तिला बाहेरचा रस्ता दाखवू नका, एवढी विनंती. आणि मुलगी यायची वाट न बघता, गावात पुरुष वारला की तेराव्यानंतर बायकोचं आणि मुलींचं नाव वारस म्हणून लावायला सोबत जा. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचं काम केलं तेव्हा नवऱ्याच्या हयातीत बायकोच्या नावावर जमीन होत होती. आपण मेल्यानंतरचं तरी वेळेवर करू.

मुलीचा तो प्रवेश हुकला. पुढच्या वर्षासाठी तिनं पुन्हा अर्ज टाकला आहे. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) वारस नोंद झाली, आईचं आणि दोघी मुलींचं नाव सातबाऱ्यावर आलं. ते काकांनी मानलं. हिस्सा वेगळा करायला संमती मात्र अजून दिलेली नाही. ती मिळाली तर तहसीलदारांकडे कलम ८५ खाली वाटप होईल, नाहीतर दिवाणी कोर्ट, म्हणजे कित्येक वर्षं. पुढच्या सोमवारी काका गावी येत आहेत. आईनं त्या दिवशीची रजा टाकली आहे आणि मला सांगून ठेवलं आहे, "ताई, तुम्ही नुसत्या बसा. बोलायचं ते मीच बोलते."