काबूलमध्ये भारताचा दूतावास सुरू झाला, म्हणजे तालिबानला मान्यता मिळाली का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबान सरकारचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी दिल्लीत आले. एस. जयशंकर यांच्याशी त्यांची चर्चा झाली आणि काबूलमधल्या भारताच्या तांत्रिक पथकाला पुन्हा दूतावासाचा दर्जा मिळाला. मग भारताने तालिबान सरकारला मान्यता दिली का? नाही.

देश वेगळा, सरकार वेगळं

१९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात राष्ट्राच्या चार खुणा सांगितल्या आहेत: कायमची लोकसंख्या, निश्चित भूभाग, सरकार आणि इतर राष्ट्रांशी संबंध ठेवण्याची क्षमता. अफगाणिस्तान १९४६ पासून संयुक्त राष्ट्रांचा सदस्य आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल घेतलं, तरी देश म्हणून त्याची ओळख कायम राहिली. प्रश्न एवढाच उरला, की या देशाच्या वतीने बोलायचं कोणी?

मान्यता कोण देतं?

प्रत्येक देश आपापली देतो. ३ जुलै २०२५ रोजी रशियाने ती दिली. असं करणारा तो पहिला देश. संयुक्त राष्ट्रांतली जागा मात्र तालिबानला मिळालेली नाही.

मग भारताने काय केलं?

व्यवहार सुरू ठेवला. दूतावास उघडला म्हणजे आपोआप मान्यता दिली असं होत नाही. तसा हेतू स्पष्ट दिसावा लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये तालिबानने मुंबईतल्या अफगाण वाणिज्य दूतावासासाठी आपला प्रतिनिधी नेमला, तेव्हाही भारताने मान्यतेची घोषणा केली नाही. पण इथल्या अफगाण नागरिकांना पासपोर्ट आणि कागदपत्रं लागतात, त्यासाठी कुणाशी तरी बोलावंच लागतं.

याने फरक काय पडतो?

खूप. २०२१ मध्ये अफगाण मध्यवर्ती बँकेचे सुमारे ७ अब्ज डॉलर अमेरिकेत गोठवले गेले. देशाचा पैसा कोणाच्या सहीने निघणार, हा प्रश्न मान्यतेशीच जोडलेला आहे. दुसरीकडे, अफगाणिस्तानात मुलींना सहावीनंतर शाळा बंद आहे. मान्यता रोखून धरणं हा जगाच्या हातातला दबाव आहे. ती फुकटात दिली तर तोही जातो. पण या दबावाची झळ तालिबानच्या नेत्यांइतकीच, किंबहुना जास्त, सामान्य अफगाणांना बसते.

म्हणूनच अनेक देशांनी मधला मार्ग धरला आहे: बोलायचं, मदत पाठवायची, पण मान्यतेचा शिक्का राखून ठेवायचा.